आत किती माणसं आहेत

"चाचणी कॉल आहे," मी म्हणाले. पलीकडची मुलगी "नोंद केली मॅडम, धन्यवाद" म्हणाली, आवाज बंद झाला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी खरंच अडकले आहे. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली होती, दिवा चालू होता, पंखा बंद पडला होता, आणि मी धोक्याच्या घंटेचं बटण दाबून तीस वर्षांत हजारो वेळा म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून मोकळी झाले होते. माझं कामच ते आहे. मी लिफ्टची तपासनीस. इमारतीत लोक राहायला येण्याआधी एकदा आणि नंतर दरवर्षी मी जाते, दोर बघते, ब्रेक बघते, दारं बघते, आणि सगळ्यात शेवटी आत उभी राहून घंटेचं बटण दाबते. दूर कुठल्या तरी खोलीत बसलेलं कोणी तरी फोन घेतं. त्याने घाबरून माणसं धाडू नयेत म्हणून पहिल्या दमात सांगायचं असतं की चाचणी कॉल आहे. घरी मोठी म्हणायची, तुझी जीभ तुझ्याआधी कामावर हजर होते. आज तसंच झालं.

मी लगेच पुन्हा बटण दाबलं. या वेळी मुलगी आली नाही, ध्वनिमुद्रित आवाज आला. चाचणी यशस्वी झाली आहे, ती दोन तासांनी आपोआप संपेल. मी कपाळाला हात लावला, कारण हा नियम माझा. सहा वर्षांपूर्वी कंट्रोल रूममधल्या मुलींनी तक्रार केली होती की तपासनीस एकेका लिफ्टमधून दहा-दहा वेळा फोन करतात आणि आमच्या नाकी नऊ येतात. तेव्हा जी समिती नेमली तिच्यावर मी होते. एकदा चाचणी म्हणून कळवलं की पुढचे दोन तास त्या लिफ्टचा फोन कोणी उचलायचा नाही, हे मीच सुचवलं आणि मसुदाही मीच लिहिला. एका सदस्याने विचारलं होतं, त्या दोन तासांत कोणी खरंच अडकलं तर? मी म्हटलं होतं, चाचणीच्या वेळी आत तपासनीस असतो आणि वर मेकॅनिक असतो, तपासनीस कशाला अडकेल. सगळे हसले होते, मीही हसले होते, आणि त्या सदस्याला उगाच फाटे फोडणारा ठरवून आम्ही चहाला गेलो होतो. माझ्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

वर मेकॅनिक नव्हता. त्याच्या मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, तीनपासून तो घड्याळाकडे बघत होता, आणि मी त्याला म्हटलं, जा तू, एक शेवटची फेरी मारते आणि मीही निघते. एकट्याने फेरी मारायची नाही हे आमच्याकडे पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. नव्या माणसांना मी ते मोठ्याने वाचायला लावते. इमारत कोरी होती, अजून एकही बिऱ्हाड आलेलं नव्हतं, रंगाचा वास ताजा होता. फाटकावर पहारेकरी होता, पण परतताना पुन्हा थांबायला नको म्हणून मी आत येतानाच त्याच्या वहीत जाण्याची वेळ लिहून सही करून टाकली होती. त्यामुळे त्याच्या लेखी मी गेलेलीच होते. फोन बाहेर काढला. चारी बाजूंनी पत्रा आणि त्याबाहेर काँक्रीट, सिग्नलची एक रेघसुद्धा दिसत नव्हती. म्हणजे कोणालाही त्रास न देता मी स्वतःला इतकं नीट मिटवून घेतलं होतं की दोन तास मला कोणी शोधणार नव्हतं. एरवी दोन तासांचं काही नाही. पण पाच वाजता मला मोठीला उत्तर द्यायचं होतं.

मोठी म्हणजे माझी नातेवाईक नाही. अठरा वर्षं आम्ही दोन खोल्यांत एकत्र राहिलो. घरमालकीण म्हातारी होती, तिला आमची नावं लक्षात राहत नसत. ही उंच आणि दीड वर्षाने वडील, म्हणून म्हातारीने हिचं नाव मोठी ठेवलं आणि माझं धाकटी. म्हातारी गेली तरी नावं राहिली. मोठी रुग्णालयाच्या औषधालयात होती. मी तिथली लिफ्ट बघायला गेले होते, डोकं दुखत होतं, खिडकीपाशी जाऊन गोळी मागितली, तर आतून ती म्हणाली, "जेवलात का?" मी म्हटलं, गोळी द्या. ती म्हणाली, "जेवला नसाल तर मिळणार नाही." मला राग आला होता. बाहेरच्या बाकावर बसून मी चिडत-चिडत ब्रेड खाल्ला आणि परत खिडकीशी गेले, आणि तिने गोळीबरोबर आपल्या पेल्यातलं पाणी पुढे केलं. पुढे वर्षभराने तिला खोली हवी होती आणि मला भाड्यात भागीदार. घरातसुद्धा ती औषधालयासारखीच वागे. साखरेच्या, मिठाच्या, साबणाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, उघडल्याची तारीख लिहून. मी तिला म्हणायचे, माझ्यावर पण एक लाव. ती म्हणायची, तुझं झाकण उघडलंय कुठं अजून.

चौदा महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली आणि तिच्या भाचीच्या गावाकडे गेली. इथून बसने सहा तास. जायच्या आधी एक महिना ती निरनिराळ्या कोपऱ्यांत उभी राहून मला एकच प्रश्न विचारत होती, कधी भांडी पुसताना, कधी चपला घालताना: "थांबू का?" आणि मी दर वेळी म्हणत होते, तुझं तू बघ, माझी काळजी करू नकोस, मला काय धाड भरलीय. शेवटच्या दिवशी तिने विचारलं नाही. सामानाच्या गाडीत पुढे बसली आणि म्हणाली, "गॅस बघत जा." मी हात हलवला. घरात परत आले तर भिंतींवरचे चौकोन दिसले, जिथे तिची कपाटं होती तिथला रंग जरा गडद होता. मी स्वतःला म्हटलं, बरं झालं, आता रेडिओ आपल्या मनासारखा लावता येईल. आणि रेडिओ लावला नाही. तसा तो अजूनही लावलेला नाही.

लिफ्टच्या भिंतीला पाठ टेकून मी खाली बसले. खाली बसलं की लिफ्ट मोठी वाटते, हे मला माहीत नव्हतं. लोकांना दोनच भीती असतात, दोर तुटेल आणि हवा संपेल. मी वर्षानुवर्षं त्यांना सांगत आलेय की दोर एक नसतो, अनेक असतात, एकटा एक दोरसुद्धा पेटी धरून ठेवतो, आणि हवा संपतच नाही, वरखाली झरोके असतात. हे सांगताना माझा आवाज कसा असतो तेही मला ठाऊक आहे. किंचित कंटाळलेला, लहान मुलाला समजावतात तसा. आता मीच मान वर करून झरोके मोजले. चार होते, असायला हवेत तेवढे. हवा होती, दोर होते, दिवा होता, सगळं नियमाप्रमाणे होतं आणि तरी मी भ्याले होते. भीती पडण्याची नव्हती. एखादी बाई शहरातल्या एका भिंतीआड बसली आहे आणि हे जगात कुणालाही माहीत नाही, एवढंच होतं ते. आणि मग असं वाटलं की यात नवीन काय आहे, गेले चौदा महिने संध्याकाळी साडेसहानंतर हे असंच तर असतं. फक्त तिथे दार आतून मी लावते.

आज सकाळी नऊला तिचा फोन आला होता. गावाबाहेर निवृत्त लोकांसाठी एक निवास झालाय, भाचीला आता तिसरं मूल व्हायचंय, तिथे आपण अडचण नको, म्हणून ती बघून आली होती. "तळमजल्यावर दोघींची खोली आहे, धाकटे. दोन खिडक्या. तुला चार महिनेच तर राहिलेत नोकरीचे. व्यवस्थापक म्हणाले, पाचपर्यंत सांगा, मागे रांग आहे. नसेल जमत तर मी एकटीची घेते दुसऱ्या मजल्यावर, तीही बरी आहे." मी दात घासत होते. मी म्हटलं, "कळवते." ती म्हणाली, "कळवते म्हणजे?" मी म्हटलं, "कळवते म्हणजे कळवते. कामावर निघायचंय मला." तिने थोडं थांबून विचारलं, "तुझं बरं चाललंय ना?" आणि मी म्हटलं, मस्त चाललंय. हे म्हणायला मला कधी वेळ लागत नाही. त्यानंतर बसमध्ये, पहिल्या इमारतीत, दुसऱ्या इमारतीत, दुपारी डबा खाताना मी उत्तर मनात घोळवत होते आणि दर वेळी काही तरी मधे येत होतं. घर सोडायचं म्हणजे सामान, सामान म्हणजे कपाटं. आणि दोन खिडक्या असल्या तरी खोली एकच, तिथे मी घोरते हे तिला कळेल. अठरा वर्षं पलीकडच्या खोलीतून तिने ते ऐकलंच असणार, पण तेव्हा मधे भिंत होती. अशी कारणं मी जमवत होते.

फोन लागत नव्हता तरी तो हातात होता, म्हणून मी त्यातले जुने शोध बघत बसले. मोठी गेल्यापासून मी प्रश्न फोनला विचारते. आधी घरात विचारायचे. ती भाजी निवडता-निवडता उत्तर द्यायची, बऱ्याचदा चुकीचं, आणि मग आमची जुंपायची. फोन भांडत नाही. यादी खालून वर सरकत गेली आणि मला ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटायला लागली. गॅस बंद केला की नाही हे घराबाहेरून कळतं का. एकट्याने राहणाऱ्याने जादा किल्ली कोणाकडे ठेवावी. न्हाणीघरात पडू नये म्हणून काय करावं. पडल्यास फोन आपोआप कोणाला कळवतो का. तो कोणाला कळवतो ते कसं बदलायचं. फोन हरवला तर शोधायला दुसरा फोन लागतो का. लांबच्या बसमध्ये शेजारचा बोलत राहिला तर काय करावं. आणि त्याच दिवशी, तासाभराने, लांबच्या बसमध्ये झोप लागली तर उतरायच्या वेळी कोण उठवतं. समारंभात ओळखीचं कोणी नसेल तर कुठे उभं राहावं. निरोप समारंभात स्वतःबद्दल किती बोलावं. दिवसभरात किती वाक्यं बोलली तर घसा ठीक राहतो. या शेवटच्या प्रश्नाला फोनने घशाच्या औषधांची यादी दिली होती, ते मला आठवलं. रविवार संपून सोमवारी सकाळी कचेरीत पहिला शब्द बोलताना आवाज फुटेना, म्हणून विचारलं होतं. मोठी असती तर म्हणाली असती, ये, भांड माझ्याशी, मोकळा होईल.

पावणेपाचला मी उठले. एवढा वेळ मी स्वतःला सांगत होते की आता काही हातात नाही, आपोआपच पाच वाजून जातील आणि उत्तर द्यायचं टळेल, त्यात माझा दोष नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडं हायसं वाटत होतं. आणि तरी मी उठले, आतलं दार दोन्ही हातांनी ओढलं. ते वीतभर सरकलं. समोर काँक्रीटची भिंत, आणि वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, पाचव्या मजल्याची फरशी, आणि त्या मजल्याच्या दाराची खालची कड. बाहेरच्या दाराचा खटका आतून कुठे दाबायचा ते मला माहीत होतं. दार उघडलं असतं, फटीतून वर चढून गेलं असतं माणूस, माझ्याएवढी बाईसुद्धा गेली असती. मी बूट काढले. मोजे काढले. पिशवी कोपऱ्यात ठेवली, फोन तेवढा पोलक्यात खोचला. मग स्वतःच्या अनवाण्या पायांकडे बघून थबकले. लिफ्टमध्ये अडकून कोणी दगावत नाही. दगावतात ते असे चढून निघणारे, मधेच लिफ्ट हलते आणि. मी तीन ठिकाणी पंचनाम्याला गेलेली आहे. त्यातल्या एका ठिकाणी बाहेर एक बूट पडला होता, तोच आधी दिसला होता. हे सगळं माहीत असलेली बाई सत्तावन्नाव्या वर्षी अनवाणी उभी राहून फरशीला हात लावून बघत होती, ते कशासाठी? कपाटांसाठी नाही. पाच वाजायच्या आत एक रेघ मिळावी आणि मोठीला हो म्हणता यावं म्हणून. तोवर मला माहीतच नव्हतं की माझं उत्तर हो आहे.

मी फोन त्या फटीशी, हात पुरेल तितका वर धरला. "हो" लिहिलं आणि पाठवलं. चक्र फिरत राहिलं, मग खाली अक्षरं आली: पाठवता आलं नाही. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा हात भरून आला. पाचला पाच कमी असताना मी दार ओढून लावून घेतलं आणि खाली बसले, कारण हो म्हणायला माणूस धड तरी राहिला पाहिजे. मग पाच वाजले. काही आवाज झाला नाही, वाजायला तिथे काही नव्हतंच, मनगटावरचा काटा सरकला इतकंच. मी रडले. याला दुसरं काही नाव द्यायचा मोह होतोय, पण रडलेच. लहानपणी एकदा दुपारी मला ताप भरला होता, आई धाकट्या दोघांना घेऊन आत आडवी झाली होती, तिला उठवायला नको म्हणून मी ओटीवर सतरंजीत गुंडाळून पडून राहिले. संध्याकाळी तिने अंगाला हात लावला आणि शेजारणीला कौतुकाने म्हणाली, ही पोर कधी त्रास म्हणून देत नाही. मला ते इतकं गोड लागलं होतं की पुढे मी तेच शिकले, त्यातच तरबेज झाले. कुणी विचारलं की मस्त, कुणी थांबू का म्हटलं की जा. आणि घंटेचं बटण दाबून पलीकडून माणूस आलं की, चाचणी आहे. त्या पोरीला ताप किती होता ते आईने विचारलं होतं की नाही, मला आठवत नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी मी बटण दाबलं. तीच मुलगी आली.

"बोला मॅडम. चाचणीच ना?"

मी तोंड उघडलं आणि तेच येऊ पाहत होतं.

"नाही. मी अडकलेय. तीन वीसपासून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "आत किती माणसं आहेत?"

"एक."

"सोबत कोणी नाही?"

"नाही. मी एकटी आहे."

हे वाक्य मी याआधी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. मुलगी म्हणाली, "घाबरू नका, मॅडम. माणूस निघालाय. तोवर माझ्याशी बोलत राहा." आत असलेल्याला बोलतं ठेवावं, हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद मी तपासलेला आहे. तरी तिने ते म्हटल्यावर मला बरं वाटलं. तिने विचारलं, पाणी आहे का, चक्कर येतेय का, बसून आहात ना. मग विचारलं, "घरी कोणाला कळवू?"

घरी कोणाला. फोनने हाच प्रश्न विचारला होता तेव्हा मी कचेरीचा नंबर भरला होता. मी मोठीचा नंबर सांगितला, एका दमात, न बघता.

"कोण लागतात तुमच्या?"

"लिही काहीही."

"काहीही नाही लिहिता येत, मॅडम. यादीतून निवडायचं असतं. आई, वडील, पती, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, शेजारी, इतर."

"घरच्या आहेत," मी म्हणाले.

"घरच्या असं नाहीये यात."

"मग रिकामं ठेव. पण त्यांना सांग. सांगशील ना?"

"लगेच सांगते," ती म्हणाली. मिनिटभर ती नव्हती. तेवढ्या मिनिटात मला हजार वेळा वाटलं की नको म्हणावं, उगाच त्या बाईला घोर कशाला. बटणावर बोट नेलं आणि काढून घेतलं.

पावणेसहाला मेकॅनिक आला. शाळेतून घरी पोचला होता, तिथून तसाच पळत आलेला. वरून त्याने यंत्राचं चाक हाताने फिरवत फिरवत लिफ्ट पाचव्या मजल्याला आणली, खाली आला आणि दार उघडलं तर मी आत अनवाणी, बूट हातात. तो माझ्या पायांकडे बघत राहिला, मग दाराच्या खटक्याकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, तुम्ही चढणार होता?" मी बूट घालायला लागले. "दाराचा खटका सैल आहे, त्यानेच लिफ्ट थांबली असणार, मला आधीच शंका होती," तो म्हणाला. "मी थांबायला हवं होतं. कचेरीत नाही सांगणार मी कोणाला." मी म्हटलं, सांग, अहवालात लिही, माझ्या नावासकट लिही, आणि तो दोन तासांचा नियम बदलायला पाहिजे तेही लिही. मुलीच्या बाई काय म्हणाल्या, असं विचारल्यावर तो म्हणाला, "वर्गात फार गप्प असते म्हणाल्या." मग तो खटका बघायला वाकला आणि मी जिन्यातल्या खिडकीशी गेले. फोनला रेघा आल्या होत्या आणि तो हातात वाजायलाच लागला. मोठी होती.

"कुठं आहेस?"

"बाहेर आले."

"लागलंय कुठं?"

"नाही."

"पाणी प्यायलीस?"

"नाही अजून."

"आधी पाणी पी," ती म्हणाली, आणि मग तिचा श्वास ऐकू आला, जिना चढून आल्यासारखा. "ती पोरगी म्हणाली, त्यांनी तुमचंच एक नाव दिलंय. घाबरले मी, धाकटे. मला वाटलं, तू पडलीस बिडलीस."

मी विचारलं, "खोलीचं काय झालं?"

"काय होणार. पाच वाजता मी तिथेच बसले होते. व्यवस्थापकांनी दहा मिनिटं थांबू दिलं. दोन फोन लावले तुला, लागले नाहीत. मला वाटलं, बंद करून ठेवलास. एकटीची घेतली, दुसऱ्या मजल्यावर. खालची लगेच दुसऱ्यांनी घेतली."

"मी नाही म्हटलं नव्हतं."

"हो म्हटलं नव्हतंस."

"मी अडकले होते ना."

"तीन वीसला अडकलीस," मोठी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, औषधाच्या वेळा समजावून सांगते तसाच होता. "मी नऊला विचारलं होतं. नऊ ते तीन तू काही लिफ्टमध्ये नव्हतीस."

खिडकीतून खाली फाटक दिसत होतं, पहारेकरी खुर्ची उचलून उन्हातून सावलीत नेत होता. नऊ ते तीन. त्याआधीचे चौदा महिने तिने मोजलेही नाहीत. तिने फोन ठेवला नाही. मला ठीक आहे म्हणता आलं असतं. वरची खोली पण छान असेल, माझी काळजी करू नकोस, चल, ठेवते, हे सगळं तोंडात तयार होतं.

"मोठे," मी म्हणाले, "मला आज घरी जायचं नाहीये. एकटीला. मी तिकडे येऊ का?"

मग ती म्हणाली, "आज रात्री भाचीकडेच आहे मी. उद्या सकाळी राहायला जातेय तिथं. पलंग एकच आहे. पाहुण्याला दोन दिवस राहू देतात, त्याच्या वर नाही. नियम आहे त्यांचा."

"दोन दिवस तर दोन दिवस."

"आणि मला राग आलाय. आज पोचशील तेव्हा असेल, उद्याही असेल."

"असू दे," मी म्हणाले. "मी येते."